सल्ला कोणाचा ऐकावा? : जमशेटजी टाटांची गोष्ट

यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा मंडळाच्या सेक्रेटरींचा आग्रह. मी डिप्लोमा झालेला रेल्वेतला माणूस. रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यापलीकडे फारसे काही लिहिलेले नाही. पण मी मूळचा नागपूरचा, आजोबा एम्प्रेस मिलमध्ये सूतखात्यात होते, आणि माझी नोकरी टाटानगरला. म्हणजे जमशेटजी टाटांच्या कामाचे एक टोक आमच्या घरात आणि दुसरे माझ्या नोकरीत. तेव्हा त्यांच्याविषयी चार शब्द लिहायला हरकत नाही असे वाटले.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारीला झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण झाले आणि मग ते वडिलांच्या पेढीत गेले. तो काळ मोठा विचित्र होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि जो तो दुसऱ्याला शेअर घ्यायचा सल्ला देत होता. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सगळा डोलारा कोसळला. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते. हातातल्या हुंड्यांची रद्दी झाली. ते लपून बसले नाहीत. धनकोंकडे स्वतः गेले आणि सारा हिशेब त्यांच्यापुढे मांडला. धनकोंनी त्यांनाच महिना वीस पौंडांवर व्यवहार मिटवायला नेमले! सगळे म्हणतात म्हणून खरे मानायचे नाही, ही खूणगाठ त्यांनी तिथेच बांधली असावी असे मला वाटते.

पुढे कापड गिरणी काढायची ठरली तेव्हा जाणत्यांच्या मते गिरणी म्हणजे मुंबईच. जमशेटजींनी मात्र कापूस कुठे पिकतो, कोळसा कुठे आहे, आगगाडी कुठवर जाते, हे बघत नागपूर निवडले. जागा घेतली तीही जुम्मा तलावाजवळची दलदलीची. भराव टाकायचे काम सुरू झाले तेव्हा एका सावकाराने पैसे द्यायचे नाकारले. हा माणूस सोने मातीत पुरतो आहे असे त्याचे मत पडले. तो मातीत सोने पेरत होता, हे म्हणे त्याच सावकाराने नंतर कबूल केले. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली.

आता माझ्या आवडीचा भाग. ही गिरणी चालवायला त्यांनी कोण आणला? बेझनजी मेहता. हा माणूस जी.आय.पी. रेल्वेच्या माल खात्यातला! सूत कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हते. पण माणसे हाताळणे आणि माल वेळेवर हलवणे ठाऊक होते. यंत्रांसाठी जेम्स ब्रुक्सबी हा इंग्रज तंत्रज्ञ घेतला. ज्याला जे कळते त्यातच त्याचे ऐकायचे, अशी ती वाटणी. रिंग स्पिंडल तेव्हा नवे होते आणि लँकेशायरचे मोठे कारखानदार त्याला नाके मुरडत होते. ब्रुक्सबीने नागपुरात ते प्रत्यक्ष चालवून पाहिले आणि जमशेटजींनी त्याचे मानले.

जमशेटजी चुकलेच नाहीत असे नाही. एम्प्रेसची पहिली यंत्रे हलकी निघाली. १८८६ मध्ये कुर्ल्याची धरमसी मिल स्वस्तात मिळते म्हणून घेतली, तिचे नाव स्वदेशी ठेवले, आणि ती गळ्याशी आली. बँका तोंड फिरवू लागल्या. एम्प्रेसचे स्वतःचे शेअर विकून आणि नागपूरहून माणसे आणून त्यांनी ती उभी केली.

माझीही एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या सेक्शनमधल्या एका भरावाबद्दल कीमन मला म्हणाला, साहेब, इथे भर मे महिन्यात गवत हिरवे असते, आत पाणी झिरपते आहे. मी एका वरिष्ठांना विचारले. त्यांनी ड्रॉइंग पाहून सगळे ठीक असल्याचे सांगितले. त्यांची डिग्री मोठी, मी डिप्लोमावाला आणि कीमन तर सातवी पास. मी ड्रॉइंगचे ऐकले. ऑगस्टात भराव खचला. देवाच्या कृपेने गाडी नव्हती. पंधरा दिवस गाड्या ताशी वीस किलोमीटरने काढल्या. दोष वरिष्ठांचा नाही. त्या जागी रोज चालणारा माणूस सांगत होता आणि मी खाली उतरून पाहिले नाही.

जमशेटजी उतरून पाहत. चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयी एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांनी १८८२ मध्ये वाचला आणि ते खूळ वीस वर्षे सोडले नाही. १९०२ मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, ते अमेरिकेला गेले. तिथे ज्युलियन केनेडी यांनी स्पष्ट सांगितले की नुसत्या पाहणीलाच पुष्कळ खर्च येईल आणि हाती काही लागेलच असे नाही. असा सल्ला देणारा माणूस नकोसा वाटतो. जमशेटजींनी त्यांचेच ऐकले आणि त्यांनी सुचवलेल्या चार्ल्स पेज पेरिन यांना न्यूयॉर्कला जाऊन गाठले. पेरिनचे सहकारी वेल्ड यांनी इथे येऊन पाहिले आणि चांद्याचे लोखंड पुरेसे नसल्याचे सांगितले. तेही मानले.

याच सुमारास, २४ फेब्रुवारी १९०४ ला, प्रमथनाथ बोस यांनी जमशेटजींना पत्र लिहिले. बोस भूगर्भ खात्यातले. कनिष्ठ इंग्रजाला वर चढवले म्हणून नोकरी सोडून मयूरभंज संस्थानात आले होते. तिथे गोरुमहिसानीला उत्तम लोखंड आहे, असे त्यांनी कळवले. सरकारने डावललेल्या माणसाचे ते पत्र टाटांनी बाजूला टाकले नाही.

जमशेटजींना मात्र पुढचे पाहायला मिळाले नाही. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम इथे त्यांचे निधन झाले. दोराबजींनी काम पुढे नेले. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये साकचीला पोलाद निघाले. दरम्यान आमच्याच खात्याचे, रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष सर फ्रेडरिक अपकॉट, टाटांनी बनवलेले रूळ आपण खाऊन दाखवू असे म्हणाल्याचे सांगतात. पहिल्या महायुद्धात इथून सुमारे पंधराशे मैलांचे रूळ मेसोपोटेमियाला गेले. अपकॉटसाहेबांना बरेच जड गेले असते! १९१९ मध्ये साकचीचे जमशेदपूर झाले आणि कालीमाटी स्टेशनचे टाटानगर.

तो कीमन आता निवृत्त झाला आहे. दर मे महिन्यात मी ट्रॉली त्या भरावापाशी थांबवतो आणि खाली उतरून गवत पाहतो.