लोरेंझो दा पोंते

लोरेंझो दा पोंते (१० मार्च, १७४९:चेनेदा, व्हेनिसचे प्रजासत्ताक - १७ ऑगस्ट, १८३८:न्यू यॉर्क, अमेरिका) हे इटालियन कवी, ऑपेरांचे संहिताकार आणि भाषाशिक्षक होते. मोझार्ट यांच्या तीन प्रसिद्ध ऑपेरांच्या संहिता त्यांनी लिहिल्या. उतारवयात अमेरिकेत ते इटालियन भाषेच्या अध्यापनाकडे वळले.

प्रारंभिक जीवन

दा पोंते यांचा जन्म ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव इमॅन्युएले कोनेल्यानो होते. १७६३मध्ये विधुर वडिलांनी पुनर्विवाहासाठी मुलांसह कॅथोलिक पंथ स्वीकारला. त्या वेळी प्रथेनुसार थोरल्या मुलाला तेथील बिशपचे नाव मिळाले. १७७३मध्ये दा पोंते पाद्री झाले. त्यानंतर त्रेव्हिझो येथील धर्मशिक्षणसंस्थेत ते साहित्य शिकवू लागले. परंतु तेथील काही कविता शासनाला आक्षेपार्ह वाटल्याने १७७६मध्ये त्यांची नोकरी गेली. १७७९मध्ये अनैतिक वर्तनाच्या आरोपावरून त्यांना व्हेनिसमधून हद्दपार करण्यात आले.

ऑपेरा लेखन

१७८३मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याने व्हिएन्नातील इटालियन नाट्यगृहाचे कवी म्हणून त्यांची नेमणूक केली. तेथे त्यांनी मोझार्ट यांच्यासाठी ले नोत्झे दी फिगारो (१७८६), दोन जोव्हान्नी (१७८७) आणि कोझी फान तुत्ते (१७९०) या ऑपेरांच्या संहिता लिहिल्या. १७९०मध्ये सम्राटाच्या निधनाने त्यांचा आश्रय तुटला व पुढच्याच वर्षी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. नंतर लंडनमध्ये नाट्यगृहासाठी काम करीत असताना ते कर्जबाजारी झाले आणि १८०५मध्ये अमेरिकेला गेले.

अध्यापन

अमेरिकेत त्यांनी प्रथम किराणा मालाचे दुकान चालवले. त्यात जम बसला नाही. १८०७च्या सुमारास न्यू यॉर्कमधील एका पुस्तकाच्या दुकानात त्यांची क्लेमेंट क्लार्क मूर यांच्याशी भेट झाली. मूर यांच्या साहाय्याने त्यांना विद्यार्थी मिळाले व वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या आसपास ते घरी इटालियन शिकवू लागले. १८११मध्ये ते पुन्हा व्यापाराकडे वळले आणि पेनसिल्व्हेनियातील सनबरी येथे राहिले. हा प्रयत्नही फसल्यावर १८१९मध्ये न्यू यॉर्कला परतून त्यांनी अध्यापन पुन्हा सुरू केले. त्याला जोड म्हणून ते इटालियन पुस्तकांची विक्रीही करीत.

१८२५मध्ये, वयाच्या ७६व्या वर्षी, ते कोलंबिया कॉलेजात इटालियनचे पहिले प्राध्यापक झाले. या पदाला वेतन नव्हते. विद्यार्थ्यांकडून मिळणारे शुल्क हेच त्यांचे उत्पन्न होते. इटालियन हा अनिवार्य विषय नसल्याने विद्यार्थी टिकले नाहीत व पुढे हे पद नावापुरतेच उरले.

अखेरची वर्षे आणि वारसा

१८२६मध्ये गार्सिया यांच्या मंडळीने न्यू यॉर्कमध्ये दोन जोव्हान्नीचा प्रयोग केला. १८३३मध्ये दा पोंते यांच्या पुढाकाराने शहरात इटालियन ऑपेरागृह उभे राहिले. मात्र तेही आर्थिक अडचणींमुळे फार काळ चालले नाही. १८३८मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या दफनाची नेमकी जागा आज अज्ञात आहे. कोलंबिया विद्यापीठात इटालियनचे एक प्राध्यापकपद मात्र त्यांच्या नावाने ओळखले जाते.