कोळंबीच्या खाद्यात जिवाणू का मिसळतात? सुरुवात झाली ती मेचनिकोव्ह यांच्यापासून

पनवेल, उरण, पेणच्या खाडीपट्ट्यातल्या कोळंबीच्या तलावांकडं बघून रशियन शास्त्रज्ञ आठवायचं काही कारण नाही. पण कोळंबीच्या खाद्याला जी प्रोबायोटिक पावडर चोळतात, तिच्यामागची कल्पना एली मेचनिकोव्ह यांची. प्रोबायोटिक म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणू आणि प्रीबायोटिक म्हणजे त्या जिवाणूंचं खाद्य.

मेचनिकोव्ह यांचा जन्म १८४५ चा, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळचा. १८७३ मध्ये पहिली पत्नी क्षयानं गेली, तेव्हा त्यांनीही जीव द्यायचा प्रयत्न केला. सुदैवानं ते वाचले.

१८८२ मध्ये ते इटलीतल्या मेसिनाला होते. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी गुलाबाचा काटा टोचला. सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. पुढं पाणपिसू या कोळंबीच्याच कवचधारी गोतावळ्यातल्या जिवात, पेशी रोगाच्या बुरशीला गिळताना त्यांना दिसल्या. शरीराची ही भक्षक फौज शोधल्याबद्दल १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत नोबेल मिळालं.

१८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते. मुंबईत प्लेगची लस बनवणारे हाफकिन हे त्यांचेच विद्यार्थी.

उतारवयात त्यांनी आतड्यांकडं लक्ष वळवलं. आतड्यातले वाईट जिवाणू म्हातारपण आणतात, दह्यातले चांगले जिवाणू त्यांना हटवतील, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः रोज आंबवलेलं दूध घेत. पण एक गोष्ट चुकली. त्यांनी सुचवलेला बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात मुक्कामच करत नाही, असं नंतर दिसलं. १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी ते गेले.

आता कोळंबीकडं या. तिच्या रक्तात माणसासारख्या अँटीबॉडी तयार होत नाहीत. त्यामुळं आपल्यासारखी लस तिला लागू पडत नाही. तिची भिस्त असते ती मेचनिकोव्ह यांनी पाहिलेल्या भक्षक पेशींवर आणि आतड्यातल्या जिवाणूंवर. बॅसिलससारखे चांगले जिवाणू व्हिब्रिओ या रोगकारक जिवाणूची जागा आणि अन्न अडवतात. अँटिबायोटिक वापरलं तर त्याचा अंश मालात सापडून निर्यात परत येऊ शकते. म्हणून हा मार्ग बरा.

पण त्यांची चूकही लक्षात ठेवायला हवी. हे जिवाणूही आतड्यात कायमचे राहतील असं नाही. त्यामुळं एकदा देऊन भागत नाही, ठरल्या प्रमाणात पुन्हापुन्हा द्यावे लागतात. सोबत अँटिबायोटिक दिलं, तर तेच मरायची भीती. आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा आहे. पावडरीनं तो बरा होत नाही. तिथं तपासलेलं बीज आणि स्वच्छ पाणी यांना पर्याय नाही.

पावडरीचा डबा घ्या, पण दही खाऊन शंभरी गाठायच्या आशेनं नको.