लक्ष्मीची पाठ कुणी घडवली?

बुधवार पेठेत तुळशीबागेत खरेदीला गेलात, की एखाद्या देवांच्या तसबिरीपुढे दोन मिनिटं थांबा. कमळात उभी लक्ष्मी, खडकावर बसून वीणा वाजवणारी सरस्वती. ही रूपं आपल्याला इतकी पाठ आहेत, की ती कुणा एकाने कधीतरी पहिल्यांदा काढली असतील हे डोक्यातच येत नाही. ती काढली राजा रविवर्मा यांनी, १८९६च्या सुमारास.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८चा, केरळातल्या किळिमानूरचा. चौदाव्या वर्षी ते त्रावणकोर दरबारी आले. तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवे, मग शिकवणार कोण? १८६८मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार दरबारात आला. त्याने शिकवायला चक्क नकार दिला. काम करताना बघायची तेवढी मुभा दिली. रविवर्मांनी बघून बघूनच तंत्र उचललं. म्हणजे सुरुवात कॉपीनेच झाली म्हणा ना! पुढे टीकाकारांनी त्यांना हेच ऐकवलं: ही तर युरोपची नक्कल.

पण जरा विचार करा. अंगावरचा उजेड, कापडाच्या चुण्या जेन्सनकडून उचलता येत होत्या. लक्ष्मी कुठून उचलणार? ती उभी कशी राहील, साडी कशी नेसेल, बघेल कशी, हे त्यांचं त्यांनाच ठरवावं लागलं.

१८९४मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुण्याची चित्रशाळा १८७८पासून रंगीत चित्रं छापत होतीच. रविवर्मांनी आपली तैलचित्रं घरोघरी पोचवली. प्लेगमुळे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, कर्ज वाढलं आणि शेवटी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. २ ऑक्टोबर १९०६ला रविवर्मा गेले.

खरी गंमत पुढे आहे. ज्यांना नक्कल करणारा म्हटलं, त्यांच्याच नकला परदेशात होऊ लागल्या, त्याही चिनी मातीत! जपानी कारखान्यांनी त्यांचे देव टाइल्सवर उठावात आणले. जर्मनीत त्यांच्या चित्रांवरून पोर्सेलिनच्या मूर्ती घडल्या आणि भारतात विकायला आल्या.

आता त्या जर्मन मूर्तिकाराची पंचाईत बघा. टाइल सपाट असते. तिथे चित्र पुढून दिसलं की भागतं. मूर्ती मात्र चारही बाजूंनी घडवावी लागते आणि छापील चित्राला पाठच नसते! केस मागे कुठवर सोडायचे, पदर कुठून वळवायचा, कमळ मागून कसं दिसेल? चित्र गप्प. साचा करायचा तर हे सगळं त्याला स्वतःच्या डोक्याने ठरवणं भाग होतं. समोरची बाजू रविवर्मांची, पाठ त्याची.

जेन्सनच्या मागे उभं राहून बघणाऱ्या वीस वर्षांच्या रविवर्मांचंही तेच झालं होतं. नमुना जिथे संपला, तिथून त्यांचं काम सुरू झालं.

म्हणून कुणाचं बघून शिकताय याची लाज नको. आर्टचं सबमिशन असो, शॉर्ट फिल्म असो की कॉलेजच्या बँडचं गाणं, बिनधास्त बघा आणि कुणाचं बघितलं ते मोकळेपणाने सांगा. फक्त एक तपासा: आपल्या नमुन्याने काय दाखवलेलंच नाही? तेवढं तुम्हालाच करावं लागेल.