जमशेटजी टाटा आणि उमेदवार

अमरावती-अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या पाहिल्या नाहीत, असा वऱ्हाडी विद्यार्थी विरळाच. हा कापूस पिकतो त्या मुलखाजवळच त्याचे कापड व्हावे, हे ज्या थोर पुरुषाने ओळखले, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

जमशेटजी टाटा यांचा जन्म १८३९ साली नवसारी येथे झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते वडिलांच्या पेढीत शिरले. गिरणी काढावी ती मुंबईतच, असा त्या काळी समज होता. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले, आणि १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. तिचा कारभार त्यांनी रेल्वेच्या नोकरीतून आलेल्या बेझनजी मेहतांवर सोपविला. गिरणीचा अनुभव नसला, तरी माणूस शिकेल हे त्यांनी जाणले.

त्याच विश्वासाने सुशिक्षित तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन प्रत्यक्ष यंत्रापाशी काम शिकविण्याची पद्धत तेथे पडली. कामगारांसाठी १८८६ साली पेन्शन फंड निघाला, तर १८९२ साली परदेशी उच्च शिक्षण घेणाऱ्यांसाठी निधी. १९०४ साली जर्मनीत जमशेटजींचे निधन झाले.

ती गिरणी आज बंद आहे. धडा मात्र बंद झालेला नाही. मुलांना केवळ टेबलामागची नोकरी दाखविण्याचा दोष आम्हां शिक्षकांकडेही येतो. पालकहो, सुटीत मुलांना एखाद्या जिनिंगच्या मालकाकडे घेऊन जा. विद्यार्थी मित्रहो, तेथे प्रश्न विचारण्यास लाजू नका.