परदेशातील पहिले दिवस : आनंदीबाई जोशी

प्रास्ताविक

भिलाईच्या रिसालीसारख्या वसाहतीतून एखादा मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी दूरदेशी निघते, तेव्हा घरातील प्रत्येकाला एकच काळजी असते : तिथले हवापाणी मानवेल का, खाण्यापिण्याचे काय होईल, आपले असे कोण भेटेल? आज दूरध्वनीवरून रोज विचारपूस करता येते. परंतु १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, एक मराठी स्त्री सातासमुद्रापलीकडे वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी गेली. डॉ. आनंदीबाई जोशी हे त्यांचे नाव. त्यांच्या परदेशातील आरंभीच्या दिवसांची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे.

पाठ

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. मात्र त्यांचा स्वभाव तापट असल्यामुळे त्या शिक्षणाची झळही आनंदीबाईंना सोसावी लागली.

चौदाव्या वर्षी आनंदीबाई आई झाल्या. पण ते मूल दहा दिवसच जगले. त्या काळी स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास संकोच करीत आणि स्त्री डॉक्टर तर जवळजवळ नव्हत्याच. पुत्रवियोगाच्या दुःखातून आनंदीबाईंच्या मनात एक निश्चय आकारास आला. आपण स्वतःच डॉक्टर व्हायचे.

पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला होता. तो अमेरिकेतील एका मासिकात छापून आला. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे बसल्या असता तो सहज वाचला आणि कधीही न पाहिलेल्या या मुलीला १८८० साली पत्र पाठवले. त्यातून दोघींचा स्नेह जुळला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

अमेरिकेला जाण्याचा बेत कळताच चहूकडून टीकेची झोड उठली. आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे भर सभेत आपली बाजू मांडली. देशाला स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, हे त्यांनी समजावून सांगितले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली. प्रवासखर्चासाठी वडिलांनी दिलेल्या सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्या. गोपाळरावांना बरोबर जाणे शक्य नव्हते. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली, तेव्हा सोबतीला ओळखीच्या काही मिशनरी स्त्रिया तेवढ्या होत्या. शाकाहाराचा नेम पाळणाऱ्या आनंदीबाईंना बोटीवर बहुतेक दिवस बटाट्यांवर काढावे लागले.

४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरमावशी त्यांना घ्यायला आल्या होत्या. रोझेलच्या घरी आनंदीबाई लवकरच घरच्यासारख्या वावरू लागल्या. स्वतःच्या हाताने हिंदुस्थानी पदार्थ करून त्यांनी त्या मंडळींना खाऊ घातले, आपल्याकडील चालीरीती समजावून सांगितल्या. परदेशातील त्यांचे हे पहिले काही महिने मायेच्या सावलीत गेले.

खरी कसोटी पुढे होती. त्यांना फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. १८५० साली स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकशास्त्र शिकवणाऱ्या जगातील पहिल्या महाविद्यालयांपैकी एक होती. अधिष्ठाता रेचल बॉडले यांनी त्यांची तळमळ ओळखली. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मंजूर झाली. शरद ऋतूत मावशींचे घर सोडून आनंदीबाई फिलाडेल्फियात एकट्या राहू लागल्या.

राहण्यासाठी मिळालेल्या खोलीतील शेकोटीची जागा नीट बांधलेली नव्हती. लाकडे पेटवली की खोलीभर धूर कोंडे; न पेटवावीत तर थंडीने अंग काकडे. धूर सोसायचा की थंडी, एवढीच निवड त्यांच्या हाती होती. दिवसभर व्याख्याने, शवविच्छेदन आणि अभ्यास. त्यानंतर स्वतःचा स्वयंपाक. शाकाहारी जिन्नस मिळण्याची मारामार. अशा स्थितीत डोकेदुखी, ताप आणि खोकला त्यांच्या पाठीशी लागला.

पोशाखाचा प्रश्नही साधा नव्हता. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत आणि थंडी बाधे. पाश्चात्त्य पोशाख करावा, तर दिलेल्या शब्दाचे काय, हा विचार मनात होता. शेवटी त्यांनी पायघोळ अशी गुजराती पद्धतीची साडी नेसण्यास सुरुवात केली. गरज ओळखून थोडे बदलायचे, पण आपलेपण सोडायचे नाही, असा हा मार्ग होता. त्यातच गोपाळरावांची काही पत्रे कठोर शब्दांत येत. कधी संशय, कधी दोषारोप. त्यांनी मन दुखावे, तरी आनंदीबाईंनी अभ्यासात खंड पडू दिला नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकशास्त्राची पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. पदवीदान समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूर संस्थानाने आपल्या रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक केली. परंतु तोवर क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एकाही रुग्णावर मायदेशी स्वतंत्रपणे उपचार करण्याची संधी त्यांना मिळाली नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत मावशींनी त्यांना जागा दिली.

आनंदीबाईंनी दिलेला शब्द पाळला. त्याची किंमत मात्र फार मोठी होती. उबदार खोली, पोटभर मानवणारे अन्न आणि घरून आलेले चार धीराचे शब्द या गोष्टी वरवर क्षुल्लक वाटतात. पण परक्या देशातील विद्यार्थ्याला त्यांचाच आधार असतो. बुद्धी आणि जिद्द आनंदीबाईंपाशी होती. उणीव होती ती या साध्या आधाराची. त्यांच्यामागून शिक्षणासाठी घराबाहेर पडलेल्या मुलींची वाट थोडी तरी सुकर झाली, ती अशा पहिल्या पावलांमुळेच.

शब्दार्थ

बिजवर – दुसऱ्यांदा लग्न करणारा पुरुष
ध्यास – सतत लागलेली ओढ
ग्वाही – खात्री, हमी
पायघोळ – पायांपर्यंत पोहोचणारे

स्वाध्याय

१. आनंदीबाईंनी डॉक्टर होण्याचा निश्चय का केला?
२. फिलाडेल्फियातील खोलीत त्यांना कोणती अडचण सोसावी लागली?
३. पोशाखाच्या बाबतीत त्यांनी काढलेला मार्ग तुम्हांला योग्य वाटतो का? सकारण लिहा.
४. शिक्षणासाठी घरापासून दूर राहणाऱ्या तुमच्या परिचयातील एखाद्या व्यक्तीचे आरंभीचे अनुभव आठ-दहा ओळींत लिहा.