मुदत चार वर्षांची

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांचे भोंगे पाळ्यांप्रमाणे वाजतात. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड या तालुक्यांतली आमची मुले येथील रसायनांच्या कारखान्यांत बहुतेक कंत्राटावर राबतात आणि त्यातली कित्येक नोकरी करता करता शिकतही असतात. कोणी मुक्त विद्यापीठातून पदवी करतो, कोणी स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरतो, कोणी कायद्याच्या वर्गात नाव घालतो. दोन वर्षांनी चौकशी करावी तर पुस्तके माळ्यावर गेलेली असतात. मग जयंतीला बाहेरून वक्ता येतो आणि विचारतो, बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, तुम्हाला काय झाले? टाळ्या पडतात. रात्रपाळी करून आलेला मुलगा मान खाली घालून घरी जातो.

हा प्रश्न आम्हाला अन्यायाचा वाटतो. अठरा तास हे खरेच आहेत, पण नुसते अठरा तास सांगून बाबासाहेबांचा पुतळा उभा राहतो, त्यांचा मार्ग कळत नाही. ध्येय धरून ठेवणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर १९१३ ते १९२३ ही दहा वर्षे नीट पाहिली पाहिजेत. त्या दहा वर्षांत हे शिक्षण अखंड चाललेलेच नाही. ते तुटले, रखडले, परत आले.

मुळात सुरुवातही फार चमकदार नव्हती. आपल्याच जिल्ह्यातल्या आंबडव्याचे हे घराणे. सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ दापोलीत राहिले, मग सातारा, मग मुंबईतील परळची चाळ. एका खोलीत संसार, त्यातच अभ्यास. घरातील गलबला थांबल्यावरच मुलाला वाचता यावे म्हणून सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमरावांना उठवीत आणि त्या जागेवर स्वतः आडवे होत. पुस्तकांसाठी त्यांनी लेकींकडून दागिने मागून आणून गहाण ठेवले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या क्लासवाल्यांनी या मुलाला दारात उभे केले नसते! पण कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याच्यात काही पाहिले, सयाजीराव महाराजांपर्यंत त्याला पोहोचवले, आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार गेले. मागे जागणारा माणूसच राहिला नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये बडोदा संस्थानशी करार झाला. तीन वर्षे अमेरिकेत शिकायचे आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. म्हणजे आरंभापासून ध्येयाला एक मुदत लागलेली होती. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे अभ्यासक्रम इतके घेतले की बाकीचे विषय त्यापुढे थोडे वाटावेत. १९१५ साली एम. ए. झाले. प्रबंधाचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था. पुढचा प्रबंध भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावर. त्यानंतर लंडनला एम. एस्सी.साठी प्रांतिक वित्ताचे विकेंद्रीकरण आणि डी. एस्सी.साठी रुपयाचा प्रश्न. वाचकांनी ही यादी एकदा सलग वाचावी. पदव्या चार दिसतात, विहीर एकच आहे. या देशातला पैसा कोणाकडून घेतला जातो आणि तो जातो कोठे, एवढा एकच प्रश्न हा माणूस दहा वर्षे खणत होता. आज एकाच वेळी बँक, पोलीस, तलाठी आणि कायदा अशा चार दिशांना अर्ज टाकणाऱ्या मुलांना आम्ही दोष देत नाही, बेकारी त्यांना धावायला लावते. पण या चार परीक्षांत समान काय आहे ते शोधून तेवढे तरी पक्के करा, एवढे आम्ही जरूर सांगू.

आता मूळ मुद्दा. ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. वर्ष पुरे होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलावले. महायुद्ध चालू होते. ज्या बोटीने सामान पाठवले ती बोट पाणबुडीने बुडवली. अशा वेळी माणूस काय करतो? नशिबाला बोल लावतो आणि बोटीत बसतो. बाबासाहेबांनी निघण्याआधी लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन हा अभ्यास पुरा करता येईल.

आम्ही वकिली करणारी माणसे. आमच्या धंद्यात मुदतीच्या कायद्याइतकी निर्दय गोष्ट नाही. पक्षकाराची बाजू कितीही खरी असो, मुदत गेली की दावा गेला. म्हणून ही परवानगी आम्हाला फार मोलाची वाटते. स्वप्न उराशी बाळगून ते परत आले असे भाषणात म्हणतात. ते परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक तारीख होती. ऑक्टोबर १९२१. त्यानंतर दार बंद.

मधली तीन वर्षे कशी गेली ते वाचक जाणतात. सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात रुजू झाले, कचेरीतला शिपाई फायली लांबून टाकी, राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातून हाकलले गेले. मुंबईत शिकवण्या केल्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. चाळ सोडून बंगल्यात जाता आले असते. ते परळच्या चाळीतच राहिले आणि माता रमाईंच्या हाती संसारापुरते पैसे देऊन बाकीचे लंडनसाठी बाजूला टाकत गेले. ध्येयावर लक्ष ठेवणे म्हणतात ते प्रत्यक्षात असे दिसते. महिन्याच्या एक तारखेला दिसते.

आणि येथे एक गोष्ट आहे, जी आमच्या चळवळीत फारशी बोलली जात नाही. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांची साक्ष झाली. ३१ जानेवारी १९२० रोजी शाहू महाराजांच्या मदतीने 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी या तरुणाला समाजाचा पुढारी म्हणून जाहीर केले. समाज जागा होत होता, पुढारी सापडला होता, पत्र हातात होते. आणि जुलै १९२० मध्ये बाबासाहेब बोटीत बसून लंडनला निघून गेले!

आजचा आमचा एखादा तालुका पातळीवरचा कार्यकर्ता त्या वेळी असता तर काय म्हणाला असता? समाज पेटलेला असताना याला परीक्षा सुचते, हा करिअरवाला आहे. असे शब्द आम्ही लोट्यात, खेडमध्ये, चिपळुणात ऐकले आहेत. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेल्या मुलाला मोर्चाला नेतात, तो नाही म्हणाला तर त्याला समाजद्रोही ठरवतात. या शब्दाला आमचा सक्त विरोध आहे. बाबासाहेबांच्या जाण्याची किंमत चळवळीला मोजावी लागली हे खरे. 'मूकनायक' पुढे बंद पडले. तरीही ते गेले, कारण अर्धवट अर्थशास्त्रज्ञ आणि अर्धवट बॅरिस्टर घेऊन समाजाला पुढची लढाई लढता आली नसती. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिकून साहेब झाल्यावर वस्तीचा रस्ता विसरणाऱ्यांनी या प्रकरणात स्वतःसाठी सबब शोधू नये. लंडनमधूनही त्यांचा शाहू महाराजांशी आणि आपल्या माणसांशी पत्रव्यवहार चालू होता.

स्वतःची बचत, महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्जाऊ घेतलेले पाच हजार, एवढ्यावर दुसरी लंडनवारी झाली. एकट्याच्या जिद्दीच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी भथेनांचे नाव विसरू नये. सकाळी मोजका नाश्ता, मग ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय दार उघडल्यापासून दार लागेपर्यंत, रात्री खोलीवर पुन्हा वाचन. जून १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली, दिलेल्या मुदतीच्या आत. १९२२ साली बॅरिस्टरी झाली. जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव घातले होते, तो बेत मात्र तडीस गेला नाही. सगळेच धरून ठेवता येत नाही, काय सोडायचे हेही ठरवावे लागते. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. परीक्षकांना त्यातील ब्रिटिश धोरणावरची टीका झोंबली, पुन्हा लिहून आणा असे सांगण्यात आले. खिशात पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, निष्कर्ष न बदलता प्रबंध पुन्हा लिहून लंडनला पाठवला आणि त्याच वर्षी डी. एस्सी. मिळाली.

या दहा वर्षांत मुंबईत काय चालले होते? आपल्या दापोलीजवळच्या वणंद गावची ही लेक, माता रमाई, तुटपुंज्या पैशात घर ओढत होती. पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव जगले. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. अभ्यासाला बसलेल्या प्रत्येक माणसाच्या मागे कोणीतरी जागत असते, आधी सुभेदार होते, मग रमाई. आमच्या घरांतल्या शिकणाऱ्या मुलींसाठी असे कोण जागते, हा प्रश्न आम्ही येथे मुद्दाम नोंदवतो. कंपनीतून आल्यावर भावाला पुस्तक मिळते आणि बहिणीला चूल, हे आम्ही रोज पाहतो.

जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले. कोलंबियाची पीएच. डी. अजून कागदोपत्री मिळायची होती, कारण छापील प्रबंध विद्यापीठात दाखल करावा लागे. तो ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये छापून निघाला, सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला. पदवी मिळाली जून १९२७ मध्ये, चवदार तळ्यानंतर तीन महिन्यांच्या आत. तळे आणि पदवी, दोन्ही कामे एकाच माणसाच्या टेबलावर होती.

एप्रिल १९२९ मध्ये ते चिपळूणला आले. रत्नागिरी जिल्ह्यातील कुळे खोतांच्या पायाखाली पिचत होती, आमचे आजे-पणजे त्यातच होते. कंपनीच्या वित्तव्यवस्थेपासून रुपयापर्यंत जो प्रश्न त्यांनी परदेशात खणला, तोच येथे खोत आणि कूळ यांच्या हिशेबात त्यांच्यापुढे उभा होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला.