कॅथरीनाबाई ल्यूथर

मार्टिन ल्यूथर यांचे कार्य आपणांस ठाऊक आहे. त्यांच्या घरची चूल कोणी पेटती ठेवली, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. कॅथरीना फॉन बोरा या पूर्वीच्या धर्मभगिनी. १५२३ साली मठातून निसटलेल्या या बाईंचा ल्यूथर यांच्याशी १५२५ च्या जूनमध्ये विवाह झाला. विटेनबर्गचा रिकामा मठ हेच त्यांचे घर. त्यात माणसे तरी किती पाहा! सहा लेकरे, नात्यातील पोरकी मुले, पैसे देऊन राहणारे विद्यार्थी, शिवाय अवचित येणारे पाहुणे. ल्यूथर ग्रंथांचे मानधन घेत नसत. तेव्हा बाईंनी मळा पिकविला, गुरे-डुकरे पाळली, तळ्यात मासे राखले, बिअरही घरीच तयार केली. (तेथे ते रोजचे पेय होते, भुवया उंचावू नयेत!) ल्यूथर यांची १५२९ सालची लहान प्रश्नोत्तरावली घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलांना शिकवावी अशीच लिहिलेली आहे.

दोन मुली आईबापांच्या डोळ्यांदेखत प्रभूकडे गेल्या. १५४२ साली ल्यूथर यांनी मृत्युपत्राने सर्व काही पत्नीस दिले; परंतु १५४६ मध्ये ते निवर्तल्यावर विधवेवर व मुलांवर पालक नेमले गेले. मुले जवळ राहावीत, शेत सुटू नये, म्हणून बाई झगडल्या. युद्धाने शेत उद्ध्वस्त केले. त्यांनी कर्ज काढले, पुन्हा विद्यार्थी जेवावयास ठेवले. १५५२ मध्ये साथीमुळे गाव सोडताना गाडीला अपघात झाला आणि डिसेंबरात टोरगाउ येथे त्या प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या.